नवी किडनी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि आमची उडालेली झोप

गवतीचहा | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाचं (वय ३४) सात महिन्यांपूर्वी पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी आईने दिली. त्याआधी चौदा महिने डायलिसिस, आठवड्यातून तीनदा विट्याहून सांगली आणि परत. ऑपरेशन छान झालं, डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) १.२ होतं. पहिले तीन महिने पुण्यातच खोली घेऊन राहिलो. आता तो गावी असतो. रक्ताच्या तपासण्या इथेच होतात आणि दोन महिन्यांनी एकदा पुण्याची फेरी.

गेल्या आठवड्यात क्रिएटिनिन १.८ आलं. इथल्या डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं. सेंटरवर नेहमीचंच, "लिटरभर पाणी प्या आणि लघवी रोखून बसा." नंबर लागायला दीड तास. आत गेला तेव्हा बिचाऱ्याला नीट उभंही राहवत नव्हतं.

रिपोर्ट हातात आला. पहिलीच ओळ: दोन्ही किडन्या आकसलेल्या, साधारण ७ सेंमी. आईने तेवढंच ऐकलं आणि सेंटरच्या पायरीवर मटकन बसली. तिला वाटलं, आपण दिलेली किडनी वाळली. तिला कसंबसं समजावलं की त्या जुन्या, त्या काढत नाहीत, तिथेच ठेवतात. मग खाली चौथ्या ओळीत सापडलं: उजव्या बाजूला ट्रान्सप्लांट किडनी, ११.२ सेंमी, 'सौम्य हायड्रोनेफ्रोसिस'. म्हणजे किडनीत लघवी तुंबलीय.

रात्री दहाला गाडी काढून पुण्याला निघालो. कराडच्या पुढे भावाने गाडी थांबवून लघवी केली, त्यानंतर आणखी दोनदा. पहाटे इमर्जन्सीत तिथल्या निवासी डॉक्टरांनी पोटावर प्रोब ठेवला आणि म्हणाले, "कुठे आहे हायड्रोनेफ्रोसिस? काहीच नाही." सकाळी आम्हाला परत पाठवलं. क्रिएटिनिन आठवड्याने परत करा म्हणाले.

आता प्रश्न असा की एका सेंटरला दिसलेलं आठ तासांत दुसरीकडे गायब कसं होतं? कोणाचं खरं धरायचं? आणि सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणजे किडनी नॉर्मल समजायची का? क्रिएटिनिन तर १.८ आहेच.

---

चहाटळ | सोमवार, रात्री ११:३२

तुंबलेलं पाणी कराडला सोडून आलात की. तेच ते हायड्रोनेफ्रोसिस. :)

गंमत बाजूला, भावाला लवकर आराम पडो. जाणकार येतीलच. धागा वर काढत राहतो.

---

क्ष_किरण | मंगळवार, सकाळी ७:०५

चहाटळ यांनी गमतीत लिहिलंय, पण बहुतेक तेच झालंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, ट्रान्सप्लांटचे पेशंट रोज बघतो. इथे रिपोर्ट वाचून निदान करणार नाही, फक्त चित्र कसं वाचायचं ते सांगतो.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत. ती ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, कातडीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर असते. तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला जोडतात आणि मूत्रनळी थेट मूत्राशयात शिवतात. आपल्या मूळ मूत्रनळीला मूत्राशयात शिरताना तिरका बोगदा असतो, लघवी उलटी वर चढू नये म्हणून. शिवलेल्या नळीत तो तितका पक्का नसतो. मूत्राशय तट्ट भरलं की दाब मागे जातो आणि किडनीचा गाळणीखालचा भाग फुगतो. म्हणून ट्रान्सप्लांट किडनीत फुगवटा दिसला की पेशंटला लघवी करून यायला सांगायचं आणि परत बघायचं. दोन मिनिटांचं काम. ते केलं असतं तर तुमची रात्रीची फेरी वाचली असती. दोन्ही मशिन खरंच बोलली, एकाने भरलेलं मूत्राशय बघितलं, दुसऱ्याने रिकामं.

ट्रान्सप्लांटनंतर सोनोग्राफी बघते काय? पहिल्या दिवसांत आम्ही नळकाम बघतो. धमनीतून रक्त येतंय का, शिरेतून परत जातंय का, आजूबाजूला रक्त किंवा लघवी साचलीय का. शीर गुठळीने बंद झाली असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात होतं आणि तेव्हा तास मोजावे लागतात. महिना-दीड महिन्याने लिम्फोसील दिसू शकतं, म्हणजे लसिकेचं पाणी साचून झालेली पिशवी. लहान असेल तर सोडून देतात, मूत्रनळी किंवा शीर दाबत असेल तर निचरा करतात. या सगळ्याला साधी काळी-पांढरी सोनोग्राफी पुरत नाही, कलर डॉप्लर लागतो. डॉप्लर रक्ताचा वेग मोजतो. त्यात एक आकडा असतो, रेझिस्टिव्ह इंडेक्स, आम्ही आरआय म्हणतो. हृदय दाबतं तेव्हाचा वेग आणि दोन ठोक्यांमधला वेग यांच्या फरकावरून तो काढतात. साधारण ०.६ ते ०.८ च्या आत असला तर बरं.

आता माझे प्रश्न. रिपोर्टमध्ये 'डॉप्लर' हा शब्द कुठे आहे का? आरआय लिहिलाय का? पहाटे पुण्यात डॉप्लर झाला, की फक्त फुगवटा बघितला? भावाचं बीपी किती आहे, आणि गेल्या महिन्याभरात कुठलं औषध नवीन सुरू झालंय का? टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची, रक्तातली लेव्हल केव्हा केली होती?

---

गवतीचहा | मंगळवार, दुपारी १:४८

डॉक्टर, खूप आभार. रिपोर्ट तीनदा वाचला. 'डॉप्लर' कुठेच नाही. पहाटेचं मशिन लहान होतं, लॅपटॉपसारखं. फुगवटा नाही एवढंच सांगितलं, कागद दिला नाही.

टॅक्रो लेव्हल मागच्या पंधरवड्यात झाली, ठीक आहे म्हणाले.

बीपीचं मी लिहायलाच विसरले. ट्रान्सप्लांटनंतर एका गोळीवर छान होतं. दोन महिन्यांपासून वाढतंय, आता तीन गोळ्या चालू आहेत तरी १६०/१०० असतं. तीन आठवड्यांपूर्वी इथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन जोडली. आम्हाला वाटलं, नोकरीचं टेन्शन.

---

क्ष_किरण | मंगळवार, दुपारी २:०२

ताई, पुढचा आठवडा बघू नका. आजच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा आणि हे तिन्ही एका वाक्यात सांगा: बीपी वाढतंय, टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं, ट्रान्सप्लांट किडनीचा डॉप्लर झालेला नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारून करा.

कारण सविस्तर रात्री लिहितो, आता ओपीडीत आहे.

---

फणसपोळी | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

गवतीचहा, फोन झाला का ते लिहा. काळजी वाटतेय.

डॉप्लरवरून आमचे दिवस आठवले. मुलगी दीड वर्षाची असताना तिचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. जन्मतः पित्तनलिकाच नीट झालेल्या नव्हत्या, दोन महिन्यांची असताना एक ऑपरेशन झालं होतं पण ते लागू पडलं नाही. लिव्हरचा तुकडा बायकोने दिला, डाव्या बाजूचा लहानसा. एवढ्या लहान मुलाला तेवढा पुरतो.

आयसीयूत सकाळ-संध्याकाळ डॉप्लर व्हायचा. तिची धमनी किती जाड होती, तर सर्जनने मला बोटाने दाखवलं, काडेपेटीतल्या काडीएवढी. ती बंद पडली की संपलं. लिव्हरला जास्त रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, पण पित्तनलिका जगतात फक्त धमनीवर, हे मला तेव्हा कळलं. मुलांमध्ये धमनीत गुठळी होण्याची भीती मोठ्यांपेक्षा जास्त. वेळेत कळलं तर परत आत जाऊन काढता येते, नाही कळलं तर पुन्हा नवीन लिव्हर शोधा.

डॉप्लरवाल्या मॅडम आल्या की आधी जेलची बाटली काखेत धरून गरम करायच्या, थंड जेल पोटावर पडलं की पोर किंचाळायची म्हणून. मग आवाज सुरू व्हायचा, घप्-घप्-घप्. मुलगी जरा शुद्धीत आल्यावर त्याला 'घोया' म्हणायला लागली. घोडा. मी काचेबाहेर उभा राहून फक्त त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचो, स्क्रीनमधलं मला काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना आवाज मिळेना. इकडून-तिकडून प्रोब फिरवतायत, कपाळाला आठ्या. सर्जनला फोन, सीटी अँजिओची तयारी, आणि तेवढ्यात घप्-घप्. आतड्यातला गॅस आडवा आला होता. त्या वीस मिनिटांत मी किती देव पाण्यात ठेवले ते विचारू नका.

आता ती नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षी पित्तनलिकेच्या जोडाशी अरुंद झालं होतं. तिला दुखलं काहीच नाही, फक्त रक्तात जीजीटी (पित्त अडलं की वाढतं ते) वाढलं आणि अंगाला खाज. सोनोग्राफीत नळ्या किंचित फुगलेल्या, मग एमआरसीपी केलं. एमआरआयचाच प्रकार, पण त्यात पित्तनलिकांचं झाड स्वच्छ उठून दिसतं. तोंडातून दुर्बीण घालून तिथे पोचता येत नव्हतं, कारण तिची नलिका आतड्याच्या लूपला जोडलीय. बाहेरून लिव्हरमधून नळी घालून फुगा फुगवला. आता ठीक आहे. दर सहा महिन्यांनी घोडा ऐकायला जातो.

---

जुनाबाजार | मंगळवार, रात्री ८:५५

वाचून डोळे पाणावले, फणसपोळी. पण जरा दुसरी बाजू मांडू का? माझ्या मेव्हण्याचं किडनीचं झालंय. जरा खुट्ट झालं की सोनोग्राफी, डॉप्लर, सीटी. प्रत्येकाचं बिल वेगळं. आणि एवढे किरण अंगात जाऊन बाकीचं काही होत नाही का? ब्लड टेस्टमध्ये सगळं कळतं म्हणतात, मग हे फोटो कशाला? पूर्वी लोक जगतच होते.

---

चहाटळ | मंगळवार, रात्री ९:०३

पूर्वी किडनी बदलून जगणारे लोक किती होते हो काका?

---

क्ष_किरण | मंगळवार, रात्री १०:४०

जुनाबाजार, बिलाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. नको त्या तपासण्या होतात, मी बघतो. किरणांचं मात्र सरसकट नाही. सोनोग्राफी-डॉप्लर म्हणजे नुसता आवाज, एमआरआय म्हणजे चुंबक, दोन्हींत क्ष-किरण नाहीत. सीटीत आहेत, म्हणून तो विचारपूर्वक करायचा. ट्रान्सप्लांटवाल्यांत मला किरणांहून जास्त चिंता शिरेतून देतात त्या औषधाची, कॉन्ट्रास्टची असते. सीटीचं आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट आधीच दमलेल्या किडनीवर भार टाकू शकतं. एमआरआयचं गॅडोलिनियम किडनी फारच मंद असेल तर कातडी आणि आतले अवयव कडक करणारा एक वाईट आजार आणू शकतं. २००६ मध्ये ते लक्षात आलं. तेव्हापासून त्यातले धोकादायक प्रकार टाळतात. म्हणून 'सीटी काढू या' म्हटलं की पेशंटने स्वतःहून सांगायचं, माझी किडनी बदललेली आहे, शेवटचं क्रिएटिनिन इतकं आहे. फॉर्मवर रकाना असतो, पण तो घाईत कोणीतरी 'नाही' म्हणून भरून टाकतं.

आता गवतीचहांचं. किडनीला वेगळीच सवय असते, तिच्यापर्यंत पोचणाऱ्या रक्ताच्या दाबावरून ती सगळ्या अंगाचा दाब ठरवते. समजा तुमच्या घराच्या नळाची चावी अर्धी बंद झाली. टाकी भरलेली आहे, पण तुमच्याकडे करंगळीएवढी धार. तुम्हाला वाटणार गावातच पाणी नाही, आणि तुम्ही मोटार चालू करा म्हणून ओरडणार. जोडाजवळ धमनी अरुंद झाली की किडनी असंच ओरडते. रेनिन नावाचं रसायन सोडते, बीपी चढतं, गोळ्या वाढत जातात. स्वतः तग धरायला ती रक्त बाहेर जाण्याची वाट आवळून आतला दाब टिकवते. टेल्मिसार्टनसारखी गोळी नेमकी तीच वाट सैल करते. बीपी थोडं उतरतं, पण गाळणीचा दाब पडतो आणि क्रिएटिनिन वर. दोन किडन्यांच्या माणसात एक धमनी अरुंद असेल तर दुसरी सावरून घेते. ट्रान्सप्लांटवाल्याला दुसरी नाही.

हे बहुतेक तीन महिने ते दोन वर्षं या काळात सापडतं. नक्की तेच आहे असं म्हणत नाही. पण साध्या सोनोग्राफीत हे दिसतच नाही, किडनी आपली मस्त ११ सेंमी दिसते.

आणि मूळ प्रश्न, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे किडनी नॉर्मल का? नाही. रिजेक्शनला, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याला, सोनोग्राफीत स्वतःचा चेहरा नाही. किडनी जरा सुजते, आरआय वाढतो, पण तेच टॅक्रोचा डोस जास्त झाला तरी होतं, किडनीला सुरुवातीचा धक्का बसला असेल तरी होतं, एवढंच काय, मी प्रोब जोरात दाबला तरी आरआय वाढतो. आत पेशींची मारामारी चालू आहे की नाही हे सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तो कसा वाचायचा त्याची जगभर चालणारी पद्धत कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये डॉक्टर जमले तिथून सुरू झाली, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवर 'बॅन्फ' लिहिलेलं दिसतं. मी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण खरं ते खरं.

---

सोलापुरी_शेंगदाणा | बुधवार, सकाळी ६:५०

मी स्वतः पेशंट. बदललेल्या किडनीवर अकरा वर्षं झाली. बायोप्सी दोनदा.

लोकं बायोप्सीला घाबरतात, पण किडनी वरच असते त्यामुळं लई सोपं. पाठीवर उताणं झोपायचं, डॉक्टर सोनोग्राफीत बघत सुई घालतात, स्टेपलरसारखा 'खट्ट' आवाज येतो. मग सहा-आठ तास पडून राहायचं. दुसऱ्या वेळी लघवी लाल झाली होती. लगेच डॉप्लर केला तर सुईच्या वाटेवर धमनी न् शीर आतल्या आत जोडली गेलेली, स्क्रीनवर तिथं रंगांचा नुसता शिमगा. आपोआप बंद होतं म्हणाले, झालं पण. महिन्यानं परत बघितलं तर गायब.

गवतीचहा ताई, एक अनुभवाचं सांगतो. जुने रिपोर्ट फेकू नका, आणि शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडून डॉप्लर करा. एकटा आकडा काही सांगत नाही. माझा आरआय पहिल्यापासून ०.७४ आहे, जरा वरच्या बाजूला, दर वेळी नवीन माणूस बघितला की भुवया वर. मी फाईल उघडून अकरा वर्षांचे आकडे दाखवतो, मग गप बसतात. फाईलच्या कव्हरवर मार्करनं लिहून ठेवलंय: 'ट्रान्सप्लांट किडनी उजवीकडे. आधी ती बघा.' नाहीतर पाठीला प्रोब लावून जुन्याच किडन्यांचं माप घेत बसतात.

---

मिनेसोटाकर | बुधवार, सकाळी ८:१५

इकडे बऱ्याच सेंटरमध्ये काहीही त्रास नसताना ठरावीक महिन्यांनी बायोप्सी करतात, वर दिसत नाही ते आत चाललंय का बघायला. शिवाय दात्याच्या डीएनएचे तुकडे रक्तात किती सुटलेत हे मोजणारी टेस्टही चालते. पण ती धमनी अरुंद झालीय का ते नाही सांगत. डॉप्लर इकडेही सुटलेला नाही.

---

रेल्वेकॉलनी | बुधवार, दुपारी ३:३०

सगळे किडनी-लिव्हरचे दिसतायत. हृदयवाला मी एकटाच, म्हणून हजेरी लावतो. वय ६१, परळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, आता ठाण्यात.

आमच्या घरापासून केईएम चालत दहा मिनिटांवर. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बदलण्याचं ऑपरेशन केलं होतं. केपटाऊनला बर्नार्डनी जगातलं पहिलं केलं डिसेंबर १९६७ मध्ये, त्यानंतर अडीच महिन्यांत आपल्या परळला. पेशंट काही तासच जगला, पण वडील ती गोष्ट रंगवून सांगायचे. तेव्हा मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता, तो आला १९९४ मध्ये. मला हृदय मिळालं ते त्या कायद्यामुळे.

तर आमचं वेगळं आहे. हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात. म्हणून माझी नाडी बसल्या जागी ९५ असते, आणि जिना चढायला लागलो तर ती वाढायला वेळ लागतो. पहिल्या मजल्यावर पोचून थांबलो की मग धडधड सुरू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे छातीत दुखणार नाही. धमन्या बंद होत आल्या तरी बोंब मारायला नस नाही. बदललेल्या हृदयाच्या धमन्या एकाच जागी बुजत नाहीत, सगळीकडून आतून सारख्या जाड होत जातात. म्हणून साध्या अँजिओग्राफीत फसगत होते, नळी सगळीच बारीक झाली तर अरुंद कुठली आणि धड कुठली हे कसं कळणार? म्हणून पहिल्या वर्षी धमनीच्या आत बारीक सोनोग्राफीची तार घालून भिंतीची जाडी मोजतात. वर्षभरात अर्धा मिलिमीटर वाढली तर लक्षण चांगलं नाही म्हणतात. माझी ०.२ आली. त्या दिवशी येताना पाव किलो आंबा बर्फी घेतली आणि शुगरच्या नावाखाली बायकोने एकच तुकडा दिला.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला मानेतल्या शिरेतून चिमटा घालून हृदयाचा कण काढायचे. ही युक्ती स्टॅनफर्डला १९७३ च्या सुमारास निघाली. चिमटा आत जाताना क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसतो, मी स्वतः बघितलाय. आता वर्षाला टूडी एको आणि गरजेप्रमाणे बाकीचं. एको करणारी मुलगी दर वेळी विचारते, "काका, कुणाचं हृदय?" मी म्हणतो, माहीत नाही बाई, एका तरुण मुलाचं आहे एवढंच सांगितलंय.

---

फणसपोळी | बुधवार, दुपारी ४:०५

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

जुनाबाजार | बुधवार, रात्री ९:२०

बरं, माझे शब्द अर्धे मागे घेतो. मेव्हण्याला फोन केला. गेल्या वर्षीचा सीटी मानेतल्या गाठीसाठी होता म्हणे, पेट-सीटी. मला वाटलं होतं उगाच.

---

क्ष_किरण | बुधवार, रात्री ११:१५

उगाच नव्हता. प्रतिकारशक्ती दाबायची औषधं वर्षानुवर्षं चालतात, त्यात लिम्फोमासारख्या गाठी होऊ शकतात. एक विषाणू, जो आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात झोपलेला असतो, तो यांच्यात डोकं वर काढतो. अशा वेळी गाठी कुठे-कुठे आहेत आणि औषधाने विरघळतायत का हे पेट-सीटीत दिसतं. मेव्हण्याचं बरं आहे ना?

अवांतर: पुण्यातल्या त्या लॅपटॉपएवढ्या मशिनबद्दल कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं की डॉक्टर तेच घेऊन विट्याला का येत नाहीत. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात प्रत्येक सोनोग्राफी मशिनची जागेसकट नोंद असते. उचललं आणि नेलं असं करता येत नाही. कायदा हवाच, यात वाद नाही. पण तालुक्याच्या पेशंटला तालुक्यातच चांगला डॉप्लर मिळायला पाहिजे हेही तितकंच खरं.

---

जुनाबाजार | बुधवार, रात्री ११:२८

गाठ साधी निघाली. बरा आहे.

---

गवतीचहा | दोन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:००

उशीर झाला, माफ करा. घरी काल आलो.

त्या मंगळवारी दुपारीच कोऑर्डिनेटरला फोन केला. डॉक्टर लिहितात तसंच एका वाक्यात सांगितलं, आणि खरंच पाच मिनिटांत परत फोन आला. टेल्मिसार्टन थांबवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं.

डॉप्लरला पाऊण तास लागला. मला आत बसू दिलं. जोडाच्या जागी स्क्रीनवर रंगांची कालवाकालव, सोलापुरीदादा म्हणतात तसा शिमगा. तिथला वेग सेकंदाला ३२० सेंमी निघाला. आणि किडनीच्या आतल्या बारीक धमन्यांमध्ये मात्र लाट अशी आळसावल्यासारखी, हळूहळू चढतेय, उंचीच नाही. आरआय ०.४८. मला वाटलं, कमी म्हणजे चांगलंच की. डॉक्टर म्हणाले, इथे कमी आकडा वाईट, रक्त दमून आत पोचतंय.

अँजिओग्राफी करताना कॉन्ट्रास्ट अगदी थोडं वापरलं, बाकी कार्बन डायऑक्साइड वायू सोडून चित्र काढलं. असं असतं हे मला माहीतच नव्हतं, फुफ्फुसातून तो निघून जातो म्हणे. फुगा फुगवून स्टेंट घातला. दुसऱ्या दिवशी परत डॉप्लर: वेग १५०, आतली लाट ताठ, आरआय ०.६६. बीपी आज सकाळी १२८/८०, एका गोळीवर. क्रिएटिनिन १.३.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि महिन्याने परत डॉप्लर. फाईलच्या कव्हरवर मार्करने लिहिलंय. इथल्या सेंटरच्या डॉक्टरांनाही जाऊन भेटले. भांडायला नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, यापुढे ट्रान्सप्लांटचा पेशंट आला की आधी मूत्राशय रिकामं करून बघू म्हणाले.

तुम्ही सगळ्यांनी लिहिलं नसतं तर आम्ही पुढचा आठवडा, मग त्याच्या पुढचा असं करत बसलो असतो. काय बोलू?

---

क्ष_किरण | रविवार, सकाळी १०:२१

३२० वरून १५०. झकास. भावाला सांगा, दिवाळीत चिवडा चालेल पण मीठ बेताने.

---

आमसूल | रविवार, दुपारी १२:४५

सगळा धागा वाचला. भावाचं वाचून बरं वाटलं. एक विचारू का? आईंची सोनोग्राफी शेवटची कधी झाली?

मी सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला किडनी दिली. त्याची फाईल आता चार किलोची असेल. माझी? डिस्चार्जचा एक कागद. त्याला घेऊन दर वेळी मीच जाते, पण माझंही बघायचं असतं हे तीन वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि डॉक्टर म्हणाले तर सोनोग्राफी, एवढंच असतं. करून घ्या.

---

गवतीचहा | रविवार, दुपारी १२:५८

नाही झाली. एकदाही नाही.

---

गवतीचहा | शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

आज आईला घेऊन गेले. त्याच सेंटरला. आधी नाहीच म्हणत होती, मला काय धाड भरलीय म्हणे. डॉक्टरांनी डावी बाजू रिकामी बघितली, मग उजवीकडे प्रोब ठेवून माप घेतलं आणि माझ्याकडे स्क्रीन फिरवला. ऑपरेशनआधीच्या रिपोर्टमध्ये तीच किडनी १०.१ सेंमी होती, आता ११.४. मी घाबरले. ते म्हणाले, सूज नाही, एकटी राहिली की दोघींचं काम करायला ती वाढते.

बीपी १३०/८०, क्रिएटिनिन १.०. आईला मोठी झाल्याचं सांगितलं तर पोटावरचं जेल पदराने पुसत म्हणाली, "होईल नाहीतर काय, दोन वेळचं जेवते मी." मग स्वतःच्या रिपोर्टसाठी वेगळी फाईल मागितली. सेंटरच्या खालच्या दुकानातून निळी घेतली, भावाची लाल आहे म्हणून.